कोकणात सेकंड हँड स्पोर्ट्‌स कार घेताय? आधी व्हेरिएंटचा हिशोब करा

पहिल्यांदाच जोरदार पिकअपची गाडी घेणारा माणूस मॉडेल पटकन ठरवतो आणि व्हेरिएंटपाशी येऊन अडतो. पोलो घ्यायची हे पक्कं, पण हायलाइन प्लस की जीटी? स्कोडा ऑक्टाव्हिया आवडली, पण साधी १.८ की आरएस? शोरूममध्ये हा फरक काही लाखांचा असतो. सेकंड हँड बाजारात तो बराच खाली येतो आणि तिथेच मोह होतो. लाख-सव्वा लाख जास्त टाकले की टॉप मॉडेल मिळतंय, मग सोडायचं कशाला?

कधी हा निर्णय अगदी बरोबर असतो, तर कधी तीच गाडी पुढच्या पावसाळ्यात गॅरेजमध्ये उभी राहते आणि विकायला काढली तर कोणी बघायला येत नाही. यातली कुठली गोष्ट आपल्या वाट्याला येणार, हे घ्यायच्या आधी बऱ्यापैकी कळू शकतं. अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत कुठेही राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. व्हेरिएंटची किंमत बिल्ल्यावरून करू नका. त्या बिल्ल्याबरोबर इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि सस्पेन्शन यांत नेमकं काय बदललं ते काढा. बदललेला भाग जास्त मजबूत असेल तर जास्तीचे पैसे जरूर द्या. तो नाजूक असेल तर खालचा व्हेरिएंट घ्या. आत काहीच बदललेलं नसेल तर नुसत्या स्टिकरला पैसे देऊ नका.

पायरी १: व्हेरिएंटचा कागद काढा

एक कोरा कागद घ्या. तुमच्या मॉडेलचे सगळे व्हेरिएंट एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन आणि टायरचा साइज लिहा. सनरूफ, लेदर, लाल शिलाई, काळं छप्पर हे सगळं वेगळ्या रकान्यात. त्या वर्षीचं कंपनीचं ब्रोशर मिळवा, कारण एकाच नावाखाली दर दोन वर्षांनी आतला माल बदलतो.

फोक्सवॅगन पोलोचंच बघा. २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचं १०५ पीएसचं (पीएस म्हणजे ताकदीचं माप) टर्बो इंजिन आणि ७ स्पीड डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, होता. साध्या पोलोत यातलं काहीच नव्हतं, म्हणजे तेव्हा जीटी ही खरोखर वेगळी गाडी होती. २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर १.० टीएसआय, ११० पीएसचं इंजिन आलं आणि ते हायलाइन प्लसलाही मिळालं. हायलाइन प्लसमध्ये ६ स्पीड मॅन्युअल होता, ६ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर (जुन्या, पारंपरिक पद्धतीचा) ऑटोमॅटिकही होता. जीटीत तेच इंजिन आणि तोच ऑटोमॅटिक. म्हणजे २०२० नंतरची जीटी आणि ऑटोमॅटिक हायलाइन प्लस यांत फरक उरला तो मुख्यतः दिसण्याचा. अशा वेळी जीटीसाठी पन्नास-साठ हजार जास्त मागणाऱ्याला हा कागद दाखवा.

फोक्सवॅगनच्याच व्हर्टसमध्येही असाच घोळ होतो. जीटी प्लसमध्ये १.५ लिटरचं १५० पीएसचं इंजिन आहे. २०२४ मध्ये आलेल्या जीटी लाइनमध्ये काळी सजावट आणि जीटी हे नाव आहे, पण बॉनेटखाली १.० लिटरचंच इंजिन. जाहिरातीत दोन्ही गाड्या ‘व्हर्टस जीटी’ म्हणूनच टाकलेल्या असतात. आरसी बुकावर इंजिनाची सीसी छापलेली असते, तिथे ९९९ आहे की १४९८ हे बघायला दोन सेकंद लागतात.

उलट उदाहरण मारुती बलेनो आरएसचं. मार्च २०१७ मध्ये आलेल्या आरएसमध्ये १.० लिटर बूस्टरजेट टर्बो, १०२ पीएस आणि मागेही डिस्क ब्रेक. साध्या बलेनोत मागे ड्रम. बाहेरून मात्र फरक इतका थोडा की पुष्कळ लोकांना ती साधीच वाटते. ती २०२० च्या सुरुवातीला बंद झाली, पण त्याच कुळातलं बूस्टरजेट इंजिन २०२३ पासून फ्राँक्समध्ये मिळतंय, त्यामुळे इंजिनाच्या पार्टची धास्ती बरीच कमी झाली. कमी बोलबाला झालेली आणि आत खरा फरक असलेली अशी गाडी नवख्या माणसासाठी फार चांगली, असं माझं ठाम मत आहे.

ह्युंदाई आय२० मध्ये २०२३ च्या फेसलिफ्टपर्यंत साध्या गाडीलाही टर्बो इंजिन मिळत होतं. नंतर ते फक्त एन लाइनमध्ये राहिलं. म्हणून एन लाइनचं जास्तीचं मोल कोणत्या वर्षाची गाडी आहे त्यावर ठरतं.

पायरी २: गिअरबॉक्स

व्हेरिएंटच्या भरवशात सगळ्यात मोठा फरक गिअरबॉक्समुळे पडतो, म्हणून इथे घाई करू नका.

डीएसजी हे एकच नाव असलं तरी त्यात दोन जाती आहेत. एकात क्लच कोरडा असतो, दुसऱ्यात तेलात बुडालेला. पोलो १.२ जीटी टीएसआय, व्हर्टस-स्लाव्हिया १.५ आणि ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय यांत कोरड्या क्लचचा ७ स्पीड डीएसजी आहे, त्याचा कोड डीक्यू२००. हाच गिअरबॉक्स आणि त्याचा मेकॅट्रॉनिक भाग (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) बिघाडांसाठी जगभर गाजला. २०१३ मध्ये चीनमध्ये याच कारणाने ३.८ लाखांवर गाड्या परत बोलावल्या गेल्या. नंतरच्या वर्षांत सुधारणा झाल्या, तरी जुन्या गाडीत हा खर्च अंगावर येऊ शकतो हे धरूनच भाव करावा. कोरडा क्लच रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतो. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर माणगावपाशी किंवा संगमेश्वरात दोन-तीन तास इंचाइंचाने गाडी काढावी लागते, ती त्याची खरी परीक्षा.

आता ऑक्टाव्हिया आरएस बघा. २०१७ ची आरएस २३० पीएसची, तिच्यात ६ स्पीड डीएसजी, तोही तेलातल्या क्लचचा, कारण तिचा ३५० एनएम टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) कोरड्या क्लचला झेपणारा नव्हता. २०२० ची आरएस २४५ सात स्पीडची, तीही तेलातल्या क्लचची. इथे महागडा व्हेरिएंट साध्यापेक्षा मजबूत गिअरबॉक्स घेऊन येतो. टॉप मॉडेल म्हणजे जास्त कटकट, हा समज ऑक्टाव्हियाला लागू होत नाही. मात्र तेलातल्या क्लचच्या गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर ठरलेल्या अंतराला, साधारण ६० हजार किलोमीटरला, बदललेलं असलं पाहिजे. त्याचं बिल मागा. बिल नसेल तर तेल बदललेलं नाही असं धरा.

तपासायचं कसं? विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी सकाळपासून चालू करू नका. थंड गाडी चालू करून एखाद्या चढावर न्या. ब्रेक दाबून ‘डी’त टाका, मग ब्रेक अलगद सोडा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. गाडी सरळ, एकसंध पुढे सरकली पाहिजे. स्टिअरिंग आणि सीटमधून बारीक थरथर जाणवली, एखादा खडखडाट आला किंवा गाडी क्षणभर अडून मग झेपावली, तर क्लच झिजलेला असण्याची शक्यता आहे. तेच चढावर रिव्हर्समध्ये करा, कारण रिव्हर्सला दोष जास्त उघडा पडतो. मग अर्धा तास गाडी फिरवा, शक्य असेल तर परशुराम घाटातून किंवा कुंभार्ली घाटात थोडं वर जाऊन या, आणि तापलेल्या गाडीवर हीच परीक्षा पुन्हा घ्या. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना धक्का बसतो का ते बघा. मीटरमध्ये गिअरचं अक्षर लुकलुकलं तर गाडी तिथेच ठेवा आणि घरी या.

मॅन्युअलमध्ये क्लच प्लेट, फ्लायव्हीलचा आवाज आणि गिअर पडताना होणारी कुरकुर बघायची, बाकी फारसं काही नाही. फियाटची अबार्थ पुंतो, बलेनो आरएस, टाटाची अल्ट्रोझ रेसर या मॅन्युअलच होत्या. घाटात राहणाऱ्याने मॅन्युअलला घाबरू नये. आणि हौशी गिऱ्हाइकात मॅन्युअलला मागणी टिकून असते, हे विकताना उपयोगी पडतं.

पायरी ३: वर्षाला किती उतरली ते मांडा

‘टॉप मॉडेलला रिसेल चांगली’ आणि ‘टॉप मॉडेल जास्त पडतं’, ही दोन्ही वाक्यं ऐकायला मिळतील. टक्केवारीत अडकू नका, रुपयांत मांडा.

समजा एकाच गाडीचे दोन व्हेरिएंट आहेत. मधला नवीन असताना ऑन रोड १३ लाखांना पडला, पाच वर्षांनी ७.५ लाखांना विकला, मधे ९० हजार दुरुस्तीला गेले. एकूण ६.४ लाख, म्हणजे वर्षाला १ लाख २८ हजार. वरचा १६.५ लाखांना घेतला, ८.७५ लाखांना विकला, दुरुस्ती १.६ लाख. एकूण ९.३५ लाख, वर्षाला १ लाख ८७ हजार. पहिल्या मालकाला वरचा व्हेरिएंट स्पष्टपणे महाग पडला.

पण तुम्ही पहिले मालक नाही. नवीन असताना दोघांत साडेतीन लाखांचा फरक होता, तुमच्यासाठी तो सव्वा लाखावर आलाय. पुढच्या तीन वर्षांत दोन्ही गाड्या साधारण तेवढ्याच रुपयांनी उतरल्या, तर तुमचे सव्वा लाख विकताना बहुतेक परत येतील. म्हणून सेकंड हँड घेणाऱ्याला वरच्या व्हेरिएंटचा खरा खर्च पडतो तो दुरुस्तीत, टायरमध्ये आणि इन्शुरन्समध्ये. कागदावर हे तीन आकडे व्हेरिएंटनुसार वेगळे लिहा. मोठा टायर, मोठी डिस्क, ॲडॉप्टिव्ह हेडलाइट, सनरूफ यांची पार्टची किंमत आधीच विचारून ठेवा.

भाव कळण्यासाठी एक-दोन जाहिराती पुरत नाहीत. एकच वर्ष, एकच गिअरबॉक्स आणि साधारण सारखे किलोमीटर अशा दहा-बारा गाड्यांच्या किमती टिपून ठेवा आणि महिनाभर बघत राहा. ज्या पटकन जाहिरातीतून गेल्या, त्यांच्या आसपासचा भाव खरा. ज्या तिसऱ्या आठवड्यातही तिथेच आहेत, त्यांचा भाव मालकाच्या मनातला. गाडी तडक विकत घेणाऱ्या कंपन्या जो आकडा देतात, तो खालची मर्यादा समजा. इन्शुरन्सच्या आयडीव्हीवर, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीवर, भाव ठरवू नका. चार ते पाच वर्षांच्या गाडीला तिथे ठरलेली ५० टक्के घट धरतात, बाजारात मागणी कशी आहे याच्याशी तिचा संबंध नाही.

नवीन गाडीची किंमत कमी झाली की जुनीचा भाव त्याच दिवशी खाली येतो. पोलो जीटीआय २०१६ मध्ये २५.९९ लाखांना आली, तीन दारांची, १९२ पीएसची, भारतासाठी फक्त ९९ गाड्या. पुढच्याच वर्षी कंपनीने किंमत १९.९९ लाखांवर आणली. आधी घेणाऱ्यांचे सहा लाख गाडी दारात उभी असतानाच गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, छोट्या गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के असा सरळ दर आला आणि सेस गेला. त्यामुळे त्याआधीची ऑन रोड किंमत दाखवून कोणी ‘बघा किती स्वस्त देतोय’ म्हणत असेल तर आजच्या नव्या गाडीच्या किमतीशी ताडून बघा.

मॉडेल बंद झालं की दोनपैकी एक घडतं. कंपनी इथे असेल, पार्ट मिळत असतील आणि गाडीवर लोकांचा जीव असेल तर भाव टिकतो. २०२२ मध्ये बंद झालेल्या पोलोचं तसं झालं. कंपनीच निघून गेली तर भाव फक्त जाणकार गिऱ्हाईक देतं. अबार्थ पुंतोचं १.४ टी-जेट इंजिन १४५ पीएसचं, चालवायला फार गोड गाडी, पण २०१९ मध्ये फियाटने इथली विक्री थांबवली. तिचे बॉडी पार्ट साध्या पुंतोसारखेच असल्याने पत्रा-काच मिळून जाते, अबार्थचे खास पार्ट मात्र शोधावे लागतात. गावात एकच गाडी असेल तर ती अबार्थ नको. घरात दुसरी गाडी असेल आणि चांगला फिटर ओळखीचा असेल तर जरूर बघा.

पायरी ४: विकणार कुठे?

हा प्रश्न घेतानाच विचारायचा. रत्नागिरी किंवा कुडाळच्या बाजारात गिऱ्हाईक येतं ते ॲव्हरेज, उंची आणि सर्व्हिसिंगचा खर्च विचारत. तिथे मधला व्हेरिएंट लवकर जातो. आरएस, जीटीआय, अबार्थ यांचा पूर्ण भाव जिल्ह्यात सहसा मिळत नाही, त्यासाठी पुणे, मुंबई किंवा कोल्हापूर गाठावं लागतं. कोल्हापूरला गाड्यांची हौस जुनी आहे आणि रत्नागिरीहून आंबा घाटाने साधारण १३० किलोमीटर अंतर, तेव्हा गिऱ्हाईक गाडी बघायला येऊ शकतं.

मात्र घाटावरचा जाणकार माणूस एमएच-०८ किंवा एमएच-०७ ची पाटी बघितली की आधी खाली वाकून गंज बघतो. त्याचं काही चुकत नाही. अंडरबॉडी कोटिंगचं बिल, सर्व्हिसचे कागद आणि खालून काढलेले फोटो तुमच्याकडे असले तर तोच माणूस पाच मिनिटांत उठून भावाचं बोलायला लागतो.

पायरी ५: गंज, पूर आणि आंब्याची पानं

इथून पुढे व्हेरिएंटचा कागद खिशात ठेवा आणि टॉर्च काढा. गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय व्यवहार करू नका.

किनाऱ्यालगतच्या गावातल्या गाडीत खाऱ्या हवेचा मार आधी नटबोल्टवर, एक्झॉस्टच्या हँगरवर, सबफ्रेमच्या सांध्यांवर आणि ब्रेक पाइपवर दिसतो. वरवरचा तांबूस थर चालतो. स्क्रू ड्रायव्हरने टोकरल्यावर पापुद्रे निघाले तर चालत नाही. अलॉय व्हीलच्या कडेला पांढरी भुकटी आली असेल तर पुढे हवा कमी व्हायला लागते. वायरच्या कनेक्टरमध्ये हिरवट थर दिसला तर सेन्सरचे गूढ बिघाड सुरू झालेत किंवा होणार आहेत. चाकाच्या आतल्या प्लास्टिक लायनरमागे बोट घाला. बारीक वाळू हाताला लागली तर गाडी किनाऱ्यावर पळवलेली आहे आणि खारं पाणी खालून आत गेलेलं आहे. अशी गाडी कितीही चकचकीत असो, सोडा.

मागच्या डिस्क ब्रेकबद्दल सांगायला हवं, कारण तो वरच्या व्हेरिएंटचा मान समजला जातो. थांबायला तो चांगलाच. पण कोकणच्या दमट हवेत गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की कॅलिपरच्या पिना अडकतात, पॅड डिस्कला चिकटतो. चाकरमानी मालकाची गाडी गावात वर्षातून दोनदाच हलत असेल तर हे हमखास बघा. चाक उचलून हाताने फिरवा. घासत फिरलं, जड गेलं, तर कॅलिपर सर्व्हिसिंगचे पैसे भावातून कापा.

सनरूफचंही तसंच. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. गाडी आंब्याखाली लागत असेल तर डिसेंबर-जानेवारीत मोहोर, मग चिकट रस, मग पानांचा चुरा, हे सगळं त्या नळ्यांत जाऊन बसतं. जूनमधला पहिला मोठा पाऊस पडला की पाणी बाहेर जायच्याऐवजी छताच्या कापडातून आणि खांबांतून आत उतरतं, आणि कार्पेटखाली साचतं. नेमके तिथेच, सीटखाली आणि पायांपाशी, वायरिंगचे जोड आणि काही गाड्यांत कंट्रोल मॉड्यूल असतात. बघताना सनरूफ उघडा, कोपऱ्यात कपभर पाणी सावकाश ओता आणि खाली चाकांपाशी थेंब पडतात का ते दुसऱ्याला बघायला सांगा. थेंब आले नाहीत तर पुढच्या दोन्ही बाजूंचं कार्पेट उचलून हात लावा. सनरूफ नसलेल्या खालच्या व्हेरिएंटला हा रोगच नाही. घराला पोर्च नसेल तर याच एका कारणासाठी मी खालचा व्हेरिएंट सुचवतो.

पुराची गाडी ओळखायला शिका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं आणि असंख्य गाड्या बुडाल्या. महाडलाही तेव्हा तेच झालं. त्यातल्या काही भंगारात गेल्या, काही स्वच्छ होऊन दुसऱ्या जिल्ह्याच्या बाजारात गेल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, गाळाची रेघ बहुतेक वेळा तिथे राहून जाते, कारण धुणारा तिथवर जात नाही. सीटचे रूळ, सीटखालचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, फ्यूज बॉक्सचे कोपरे, हेडलाइटच्या आतला भाग बघा. गाडीत अत्तराचा वास दाटला असेल तर काचा बंद करून अर्धा तास उन्हात ठेवा, मग दार उघडून वास घ्या. जितका वरचा व्हेरिएंट तितकी मॉड्यूल जास्त, त्यामुळे बुडालेलं टॉप मॉडेल हे सगळ्यात वाईट मिश्रण.

इन्शुरन्सच्या कागदावर एक चांगली खूण मिळते. नो क्लेम बोनस वर्षागणिक २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो. पाच वर्षं एकाच मालकाच्या गाडीचा बोनस मधेच शून्यावर आला असेल तर त्याच्या आधीच्या वर्षात बहुतेक क्लेम झालाय. कशाचा, ते विचारा आणि कंपनीच्या सर्व्हिस नोंदीत त्या काळात काय बदललंय ते बघा.

पायरी ६: रीमॅप केलेली गाडी

टर्बो गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, म्हणजेच रीमॅप, आता गावोगावी पोचलंय. स्टेज १ (पहिल्या पायरीचा रीमॅप) केलेली पोलो किंवा ऑक्टाव्हिया चालवायला मजा येते हे खरं. पण कोरड्या क्लचच्या डीएसजीची टॉर्क झेलायची मर्यादा २५० एनएमच्या आसपास आहे आणि रीमॅप त्याच्या वर घेऊन जातो. ‘पुन्हा स्टॉक करून देतो’ या शब्दाने झीज भरून निघत नाही. स्कॅनर लावणारा जाणकार बरोबर न्या. एअर बॉक्सचे स्क्रू, इंटरकूलरचे क्लॅम्प, एक्झॉस्टचे नवे वेल्ड यांवर उघडल्याच्या खुणा दिसतात. उघड्या कोन फिल्टरबद्दल तर आपल्याकडे वेगळंच भय: जांभ्याची लाल धूळ आणि पावसाचं पाणी दोन्ही तो ओढतो.

विकताना मूळ अवस्थेतल्या गाडीलाच भाव येतो. मालकाने टायरपासून एक्झॉस्टपर्यंत चार लाख घातले असतील, तुम्ही त्याचे वेगळे पैसे देऊ नका. काढलेले मूळ पार्ट त्याच्याकडे असतील तर ते मात्र मागून घ्या.

पायरी ७: बजेट मोठं असेल तर

बीएमडब्ल्यू किंवा पोर्शपर्यंत हात पोचत असेल तरी कागद तोच. इथे व्हेरिएंटचा फरक आणखी तीव्र होतो आणि नेहमी सरळ रेषेत जात नाही. पोर्श ९११ च्या ९९६ पिढीत आणि ९९७ च्या २००८ पर्यंतच्या गाड्यांत साध्या कॅरेरामध्ये इंटरमीडिएट शाफ्टच्या (इंजिनातल्या एका फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगचा दोष प्रसिद्ध आहे. त्याच काळातल्या टर्बो आणि जीटी३ मध्ये वेगळं, रेसिंगमधून आलेलं इंजिन होतं, त्यात हा दोष नाही. त्यांचा भाव चढा राहण्यामागे ताकदीइतकंच हेही कारण. पण त्याच ९९७ मध्ये कॅरेरा एसच्या ३.८ लिटर इंजिनाला सिलिंडरच्या भिंती ओरखडण्याचा त्रास ३.६ लिटरच्या साध्या कॅरेरापेक्षा जास्त दिसला. म्हणजे एक पायरी वर गेलं तर धोका वाढतो, दोन पायऱ्या वर गेलं तर कमी होतो. २००९ च्या नव्या इंजिनात तो शाफ्टच काढून टाकला.

बीएमडब्ल्यू ३ सिरीजमध्ये २०२१ ला आलेल्या एम३४०आयचं सहा सिलिंडरचं बी५८ इंजिन दणकट म्हणून नावाजलेलं आहे. गाडी भारतातच जोडली जाते, त्यामुळे पूर्ण आयात झालेल्या एम३ पेक्षा ती बाळगणं सोपं.

पण आधी बघा, तुमच्या ब्रँडचं जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे आणि बंद पडलेली गाडी फ्लॅटबेडवरून घाट चढवून न्यायला किती पैसे लागतात. तो आकडा वर्षाच्या खर्चात धरा.

पायरी ८: कागदपत्रं

सिंधुदुर्गात गोवा पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात. त्यांच्यासाठी गोव्याच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागते, मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे भरायचा आणि बारा महिन्यांत नवी नोंदणी घ्यायची. गाडी महाग तितका टॅक्सचा टक्का जास्त, म्हणून वरच्या व्हेरिएंटला हा खर्च मोठा बसतो. तो मिळवल्यावर बऱ्याचदा स्वस्ताई उरत नाही. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर फेडल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५. थकलेली चलनं परिवहनच्या ॲपवर दिसतात. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात टॅक्स वेगळा असतो, ते एजंटकडून आधी समजून घ्या.

घेतल्यानंतर

विकतानाचा भाव तुम्ही कशी वागवता त्यावर ठरतो, तेव्हा पहिल्या आठवड्यातच एक फाइल करा. इंजिन ऑइल कंपनीच्या अंतराची वाट न बघता थोडं आधी बदला, टर्बोला त्याने आयुष्य मिळतं. समुद्राकाठी राहत असाल तर महिन्यातून एकदा गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या, पावसाळा संपल्यावर एकदा लिफ्टवर घ्या. सस्पेन्शनची उंची कमी करू नका, आपल्या स्पीडब्रेकरवर मूळच्याच स्पोर्टी गाड्या पोट घासतात. आरएस २४५ सारख्या १८ इंची चाकांच्या गाडीला एक जास्तीचा टायर घरात असू द्या, महामार्गाच्या खड्ड्यात साइडवॉल फुगली तर तो साइज गावात मिळत नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर हँडब्रेक न ओढता चाकाला ठोकळा लावा आणि बॅटरीला चार्जर जोडा.

विकायची झाली तर पावसाच्या तोंडावर काढू नका. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक असतं आणि गाडी कोरड्या रस्त्यावर चालवून दाखवता येते. त्याआधी सप्टेंबरच्या शेवटी सर्व्हिसिंग, खालून धुणं आणि फोटो उरकून घ्या, आणि जाहिरातीत व्हेरिएंटचं पूर्ण नाव, गिअरबॉक्सचा प्रकार आणि इंजिनाची सीसी स्पष्ट लिहा.